वीणा खाली ठेवत नाहीत, पण खांदा बदलतात : तारवाद्य वाजवणाऱ्यांच्या दुखण्याचा इतिहास

आपल्या हिंगोली जिल्ह्यात तारवाद्य वाजवणारे किती, असं विचारलं तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर सतार किंवा व्हायोलिन येतं आणि उत्तर मिळतं, "आपल्याकडं कुठं तसले कलाकार?" पण गोरेगावातून कुठल्याही दिशेला निघा. ज्या गावात विठ्ठलाचं किंवा मारुतीचं देऊळ आहे आणि वर्षातून एकदा सप्ताह बसतो, तिथं खुंटीला वीणा असतेच. ती गळ्यात घालून तासन् तास उभा राहणारा विणेकरी हा आपला तारवाद्य वादकच आहे. गोंधळ्याचं तुणतुणं आणि भजनकऱ्याची एकतारी ही तारवाद्यंच.

सप्ताह संपला की पुढच्या चार-आठ दिवसांत दवाखान्यात काही ठरावीक तक्रारी वाढतात. मानेपासून खांद्यापर्यंत भरून आलेलं असतं, बोटांना मुंग्या येतात, पायांवर सूज असते. विचारल्यावर उत्तरही ठरलेलं असतं, "काही नाही डॉक्टरसाहेब, पहारा होता." बरेच जण तर येतच नाहीत. देवाच्या सेवेत दुखलं हे सांगायचं कसं, असं त्यांना वाटतं. शिवाय दुखतंय म्हटलं तर पुढच्या वर्षी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाईल, ही भीती असतेच.

वाद्य वाजवताना दुखणं आणि ते लपवणं, या दोन्ही गोष्टी फार जुन्या आहेत आणि जगभर आहेत. त्यावर माणसांनी शोधलेले उपायही जुने आहेत. आजच्या लेखात हा इतिहास थोडक्यात सांगतो आणि शेवटी आपण त्यातून काय घ्यायचं तेही सांगतो.

नामदेवांच्या मुलखातली वीणा

संत नामदेवांचा जन्म परंपरेनुसार १२७० साली झाला आणि त्यांचं गाव म्हणून आपल्याच जिल्ह्यातलं नर्सी ओळखलं जातं. औंढा नागनाथाला त्यांना विसोबा खेचर गुरू म्हणून भेटले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वारकरी कीर्तनाच्या परंपरेत नामदेवांचं स्थान पहिलं मानलं जातं. त्या कीर्तनाचा कणा म्हणजे टाळ, मृदंग आणि वीणा.

वारकऱ्यांची वीणा रागदारी वाजवण्यासाठी नसते. ती सूर धरून ठेवते. पट्टा गळ्यात, दांडी खांद्याच्या बाजूला, एका हाताने वाद्याला आधार आणि दुसऱ्या हाताची बोटं तारांवर. हालचाल थोडी, पण ती थांबत नाही. अखंड हरिनाम सप्ताहात तर सात दिवस-रात्र वीणा जमिनीवर टेकवायची नाही, असा नियम असतो.

आता डॉक्टरच्या नजरेने हा नियम पाहा. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, असं एकाच माणसाला सांगितलं असतं तर तो दुसऱ्याच दिवशी कोसळला असता. पण परंपरेने तसं सांगितलंच नाही. तिने पहारा लावला. फळ्यावर नावं लिहिली जातात, तास वाटले जातात, वेळ झाली की दुसरा माणूस येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. नाम अखंड राहतं, माणूस मात्र बदलतो.

वारीचंही तसंच आहे. पंढरीच्या वाटेवर मुक्काम असतात आणि दोन मुक्कामांच्या मध्ये ठरलेले विसावे असतात. शेगावची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते, तेव्हा आपण हे दरवर्षी पाहतो. विसावा घेतला म्हणून कुणाची वारी मोडत नाही. तो वारीचाच भाग आहे. ही व्यवस्था घालणाऱ्यांनी स्नायूंचं शास्त्र वाचलेलं नव्हतं, पण शरीर किती वेळ टिकतं याचा त्यांना पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव होता.

"तुमचा धंदा कोणता?" विचारणारा डॉक्टर

आता थोडं दूर, इटलीत जाऊ. तिथं बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाचे डॉक्टर होते (१६३३ ते १७१४). १७०० साली त्यांनी कामगारांच्या आजारांवर लॅटिनमध्ये एक ग्रंथ प्रसिद्ध केला. कुंभार, गवंडी, धोबी, खाणकामगार, गायक, वाजंत्री अशा अनेक धंद्यांतल्या माणसांची दुखणी त्यांनी त्यात नोंदवली. रोग्याला तपासताना जे प्रश्न विचारायचे त्यात आणखी एक घाला, असं ते म्हणाले. तो प्रश्न होता : तुमचा धंदा कोणता? आज कुठलाही डॉक्टर हा प्रश्न सहज विचारतो. त्याची सवय लावणाऱ्यांत रामाझ्झिनींचं नाव पहिलं घेतलं जातं.

१७१३ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी लेखनिकांवर, म्हणजे दिवसभर वह्या लिहिणाऱ्या कारकुनांवर लिहिलं. त्यांच्या दुखण्याची तीन कारणं त्यांना दिसली : सतत एकाच जागी बसणं, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण.

हे तीन मुद्दे लक्षात ठेवा. तारवाद्य वाजवणाऱ्याचं सगळं दुखणं यांत आलं. विणेकरी बसत नाही, उभा राहतो, एवढाच फरक. तिसरं कारण तर विशेष आहे. तीनशे वर्षांपूर्वी, कुठलंही यंत्र हाताशी नसताना, एका डॉक्टरने मनाचा ताण हाताच्या दुखण्याच्या यादीत घातला होता.

रामाझ्झिनींनी एका लेखनिकाची हकिकतही दिली आहे. त्याचा उजवा हात आधी थकल्यासारखा झाला, पुढे निकामी झाला. त्याने जिद्दीने डाव्या हाताने लिहायला शिकून घेतलं. काही दिवसांत डाव्या हाताचंही तेच झालं. त्या माणसाच्या जिद्दीत काही कमी नव्हतं, पण काम करण्याची रीत तीच राहिली होती. दुखरा हात सोडून दुसरा हात वापरला की सुटलो, असं समजणाऱ्यांनी ही गोष्ट आठवावी.

मिरजेची सतार आणि चिल्ल्याचा रियाज

महाराष्ट्रात तारवाद्यांचं माहेर म्हणजे मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या शिकलगार कारागिरांनी, म्हणजे तलवारी-भाले घडवणाऱ्या आणि त्यांना धार लावणाऱ्या मंडळींनी, तंबोरे आणि सतारी बनवायला सुरुवात केली. त्यांत फरीदसाहेबांचं नाव आदराने घेतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. या वाद्यांना लागणारे मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून येतात. म्हणजे रागदारीची वाद्यं आणि वारकऱ्यांची वाट एकमेकांपासून फार लांब नाहीत.

पण रागदारीच्या जगात एक वेगळी रीत रुजली : चिल्ला. चाळीस दिवस जगापासून दूर राहून अखंड रियाज करायचा. झोप येऊ नये म्हणून शेंडी किंवा केस छताच्या कडीला बांधल्याच्या गोष्टी मोठमोठ्या उस्तादांबद्दल सांगितल्या जातात. दिवसाला सोळा-अठरा तास रियाज केल्याचे किस्से तर अनेक. त्यांतलं खरं किती आणि भक्तांनी वाढवलेलं किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. अशा गोष्टी ऐकून वाढलेला शिष्य एकच धडा घेतो : दुखलं तरच रियाज झाला.

या वादकांची शरीरं पाहिली की वाद्य माणसाला कसं घडवतं ते कळतं. सतारवादकाच्या डाव्या हाताच्या बोटांना तारेचे घट्टे पडतात आणि उजव्या तर्जनीवर नखीचा वळ उठतो. सारंगीवाला तार नखाच्या मुळाशी दाबतो, तिथली कातडी जाड होते. घट्टा हा आजार नाही. ती शरीराने स्वतःसाठी केलेली ढाल आहे. पण कातडीला घट्टा पडतो तसा शिरेला पडत नाही. मनगटातून जाणारी शीर दाबली गेली तर ती जाड होऊन टिकाव धरत नाही, ती सुन्न होते. मांडी घालून तासन् तास बसणाऱ्याच्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला एक शीर हाडाला लागूनच जाते. ती दाबली गेली की पाऊल बधिर होतं, आणि फारच झालं तर पाऊल उचलता येत नाही. रियाजाने घट्टा मिळतो म्हणून बाकीचंही आपोआप कणखर होईल, हा समज इथं चुकतो.

व्हायोलिनचं उदाहरण घ्या. युरोपात व्हायोलिन हनुवटी आणि खांद्यात धरून वाजवतात, त्यामुळे तिथल्या वादकांची मान आणि डावा खांदा दुखतो. हनुवटीखाली कायमचा डाग पडतो. हेच वाद्य आपल्याकडे आलं तेव्हा आपल्या वादकांनी जमिनीवर बसून त्याचं टोक पावलावर टेकवलं. मान सुटली, पण गुडघे आणि कंबर त्या कामाला लागली. भार नाहीसा होत नाही, त्याची जागा बदलते.

कलाकाराचं दुखणं पुस्तकात आलं

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या डॉक्टरांकडे पियानो आणि व्हायोलिन वाजवणारे मोठ्या संख्येने येऊ लागले. लंडनचे डॉ. पूअर यांनी १८८७ मध्ये पियानोवादकांच्या हाताच्या तक्रारींवर ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. पण या विषयाला स्वतंत्र पुस्तक दिलं ते बर्लिनच्या कुर्ट सिंगर यांनी, १९२६ साली. सिंगर हे मेंदू आणि मज्जातंतूंचे डॉक्टर होते आणि संगीतकारही होते. डॉक्टरांच्या गायनवृंदाचं संचालन ते करत. संगीतकारांच्या धंद्यातून येणाऱ्या आजारांचा त्यांनी वादक आणि डॉक्टर अशा दोन्ही बाजूंनी विचार केला. हात आणि मन वेगळं करून उपचार होत नाही, हे त्यांच्या लिखाणाचं सार होतं.

सिंगर ज्यू होते. हिटलरच्या राजवटीत ज्यू कलाकारांची कामं गेली तेव्हा त्यांच्यासाठी उभ्या राहिलेल्या सांस्कृतिक संघटनेचं नेतृत्व त्यांनी केलं. पुढे त्यांना तेरेझिनच्या छळछावणीत पाठवलं गेलं आणि १९४४ साली तिथंच त्यांचा अंत झाला. कलाकारांची दुखणी ऐकणारा हा विषय पुढे बरीच वर्षं मागे पडला.

मेन्यूहिन आणि पुण्याचे योगगुरू

आता या इतिहासातला आपल्या महाराष्ट्राशी जोडलेला सर्वांत प्रसिद्ध प्रसंग.

येहुदी मेन्यूहिन यांचा जन्म १९१६ चा. सातव्या वर्षी त्यांनी रसिकांसमोर व्हायोलिन वाजवलं आणि १९२९ मध्ये, तेरा वर्षांचेही पूर्ण नसताना, बर्लिनमध्ये बाख, बेथोव्हेन आणि ब्राम्स यांच्या रचना एकाच कार्यक्रमात वाजवून जगाला थक्क केलं. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैनिकांसाठी शेकडो कार्यक्रम केले. त्या धावपळीनंतर मात्र शरीर तक्रार करू लागलं. अंग आखडायचं, थकवा जायचा नाही, झोप लागायची नाही. लहानपणी जे आपोआप हातातून यायचं ते येईना. जगातला सर्वांत नावाजलेला व्हायोलिनवादक, आणि त्याला स्वतःचा हात परका वाटू लागला. वादकाच्या मनाला याहून मोठी भीती नसते.

१९५१ मध्ये न्यूझीलंडला असताना एका उपचारकाच्या प्रतीक्षाकक्षात त्यांच्या हाती योगावरचं छोटं पुस्तक लागलं. पुढच्याच वर्षी ते भारतात आले. दुष्काळ निधीसाठी त्यांचे कार्यक्रम होते. दिल्लीत पंडित नेहरूंशी बोलताना योगाचा विषय निघाला, आणि नेहरूंनी त्यांना शीर्षासन करून दाखवायला सांगितलं. नेहरूंनी स्वतःही केलं. ही बातमी पसरली आणि मेन्यूहिन यांना योग शिकवायला ठिकठिकाणी माणसं पुढे येऊ लागली. मुंबईत त्यांना भेटायला पुण्याहून बी. के. एस. अय्यंगार आले.

अय्यंगार हे मूळचे कर्नाटकातल्या बेल्लूरचे, जन्म १९१८ चा. लहानपणी क्षयासारख्या आजारांनी त्यांचं शरीर पार खंगलेलं होतं. १९३७ मध्ये योग शिकवायला म्हणून ते पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले. मेन्यूहिन यांच्या भेटीसाठी त्यांना अगदी थोडी मिनिटं मिळाली होती, कारण मेन्यूहिन फार थकले होते. अय्यंगारांनी त्यांना कसरत करायला लावली नाही. आडवं व्हायला सांगितलं आणि विश्रांत कसं पडायचं ते दाखवलं. मेन्यूहिन यांना गाढ झोप लागली. थोड्या मिनिटांची भेट काही तास चालली.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. १९५४ मध्ये मेन्यूहिन यांनी अय्यंगारांना स्वित्झर्लंडला नेलं. त्यांनी अय्यंगारांना एक घड्याळ भेट दिलं, आणि त्यामागे त्यांचा उल्लेख व्हायोलिनचे आपले सर्वोत्तम शिक्षक असा कोरून घेतला. अय्यंगारांना व्हायोलिन वाजवता येत नव्हतं, हे लक्षात घ्या. १९६६ साली आलेल्या अय्यंगारांच्या योगावरच्या प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथाला प्रस्तावना मेन्यूहिन यांची आहे. १९७५ मध्ये पुण्यात अय्यंगारांची संस्था उभी राहिली. मेन्यूहिन ८२ वर्षं जगले आणि उतारवयातही संगीतातच होते.

एक डॉक्टर म्हणून दोन गोष्टी सांगायला हव्यात. एका माणसाला बरं वाटलं म्हणून तो उपाय सगळ्यांना लागू पडतो असं होत नाही. आणि शीर्षासनाची नक्कल तर अजिबात करू नका. बीपी, काचबिंदू किंवा मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्यांना ते धोक्याचं आहे. या प्रसंगातून घ्यायचं ते इतकंच, की त्या मोठ्या कलाकाराला त्या दिवशी आणखी सरावाची गरज नव्हती. त्याला अंग सैल सोडायला कुणीतरी शिकवायला हवं होतं.

दुखणं लपवणारे किती?

१९८६ मध्ये अमेरिकेतल्या ४८ वाद्यवृंदांतल्या वादकांची पाहणी झाली. २,२१२ जणांनी उत्तरं दिली. त्यांतल्या ८२ टक्के वादकांनी काही ना काही आरोग्याची तक्रार सांगितली. ७६ टक्के जणांची निदान एक तक्रार तरी वाजवण्यात अडथळा आणण्याइतकी गंभीर होती. २७ टक्के जण कार्यक्रमाआधी हात थरथरू नये, छाती धडधडू नये म्हणून बीटा-ब्लॉकर गटातली औषधं घेत होते, आणि त्यांतले बरेच डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय. (दमा असणाऱ्याने हे औषध स्वतःच्या मनाने घेतलं तर जीवावर बेतू शकतं.)

वर्षानुवर्षं एकमेकांशेजारी बसून वाजवणारी ही माणसं. प्रत्येकाला वाटत होतं की दुखणारा आपण एकटेच. आकडे आले तेव्हा कळलं की दुखत नाही तोच विरळा. कलाकारांच्या आजारांवरचं पहिलं स्वतंत्र नियतकालिक त्याच वर्षी सुरू झालं आणि १९८९ मध्ये अमेरिकेत या कामासाठी डॉक्टरांची संघटना स्थापन झाली. या सगळ्यातून निघालेला मुख्य सल्ला काय? मध्येमध्ये थांबा, भार वाटून घ्या, दुखलं की लवकर सांगा. आपल्या पहाऱ्याच्या फळ्यावर यातला अर्धा सल्ला आधीपासून लिहिलेला आहे. सांगण्याचा भाग तेवढा आपल्याकडे राहून गेला.

मनाबद्दलही एक संशोधन सांगण्यासारखं आहे. इटलीतल्या बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये जपमाळेची प्रार्थना आणि योगातला मंत्र म्हणणाऱ्या निरोगी माणसांची तपासणी केली. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला आणि हृदयाची लय व रक्तदाब यांचा मेळ अधिक चांगला बसला. हा अभ्यास छोटा होता आणि वीणेवर नव्हता. पण संथ लयीत नाम घेताना मन निवतं असं जे विणेकरी सांगतात, त्याला शरीरात काही आधार आहे एवढं यातून दिसतं. म्हणूनच वीणा सोडा असं मी कुणालाही सांगत नाही. ती पुढची वीस वर्षं गळ्यात राहावी यासाठी हे लिहितोय.

आपल्याला काय करता येईल?

विणेकरी, भजनी मंडळ आणि घरी हार्मोनियम-सतार शिकणारी मुलं, सर्वांसाठी :

१. पहारा लहान ठेवा. एका माणसाचा तीन तासांपेक्षा तासा-दीड तासाचा पहारा बरा. फळ्यावर दोन नावं जादा लिहून ठेवा, म्हणजे कुणाला बरं नसेल तर अडत नाही.

२. पट्टा रुंद आणि मऊ हवा. सुतळी किंवा अरुंद पट्टा एकाच जागी काचतो. दर वीस-पंचवीस मिनिटांनी पट्ट्याची जागा बदला आणि खांदे दोन-चार वेळा सैल सोडा.

३. एकाच जागी खिळून उभं राहू नका. पोटऱ्यांचे स्नायू हलले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. टाचा उचला, टेकवा, एका पायावरून दुसऱ्यावर भार घ्या. पावली खेळणाऱ्यांचे पाय कमी सुजतात ते यामुळेच. पायाखाली फरशी असेल तर घोंगडी किंवा जाजम टाका.

४. बसून वाजवत असाल तर बैठकीखाली सतरंजीची जाड घडी घ्या. कंबर गुडघ्यांपेक्षा थोडी उंच आली की पाठ सरळ राहते. वरचा पाय अधूनमधून बदला.

५. बीपी-शुगरच्या गोळ्या सप्ताहात बंद करू नका. उपवास असेल तर गोळ्यांची वेळ आणि मात्रा आधी विचारून घ्या. शुगर असणाऱ्यांनी अनवाणी उभं राहिल्यावर रोज रात्री तळपाय पाहावेत, किंवा घरच्यांना पाहायला सांगावेत. बधिर पायाला जखम कळत नाही.

६. रात्रीचा पहारा झाला की आधी झोप. झोपेच्या डोळ्यांनी मोटारसायकलवर शेतात किंवा घरी जाऊ नका. देवळातच दोन तास आडवं व्हा.

७. पहारा पार पाडण्यासाठी दुखण्याची गोळी घेऊ नका. गोळीने दुखणं झाकतं, इजा चालूच राहते. बीपी, शुगर किंवा किडनीचा त्रास असेल तर अशा गोळ्या वारंवार घेणं किडनीला महागात पडतं.

दवाखान्यात कधी यायचं?

वाद्य ठेवल्यावर थोड्या वेळात थांबणारं दुखणं म्हणजे साधा थकवा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावरही तेच दुखत असेल तर वाजवणं कमी करा. आठवडाभरात कमी झालं नाही तर दाखवा.

अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येत असतील, विशेषतः रात्री, तर मनगटातली शीर दाबली गेलेली असू शकते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल तर कोपराकडे पाहावं लागतं. खांदा वर जाईना, सदऱ्यात हात घालता येईना, तर सांधा आखडतोय का ते तपासावं लागतं. शुगर असणाऱ्यांत हे जास्त दिसतं. आणि एखादं बोट दुखत नाही, पण वाजवायला घेतलं की आपोआप वाकतं, मनाचं ऐकत नाही, असं झालं तर मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांना दाखवा. ते मनाचे खेळ नसतात आणि जास्त रियाज केल्याने ते बरं होत नाही.

सर्वांत महत्त्वाचं : डावा खांदा किंवा हात भरून आला आणि सोबत छातीवर दडपण, घाम, धाप किंवा मळमळ असेल तर "पहाऱ्याचा ताण आहे" म्हणून थांबू नका. त्याच मिनिटाला वीणा दुसऱ्याच्या गळ्यात द्या आणि १०८ ला फोन करा. तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यालाही तेच. अशा वेळी सोबतच्या टाळकऱ्यांनी कुणाची परवानगी विचारत बसू नये.

शेवटी भजनी मंडळांच्या प्रमुखांना एक विनंती. म्हातारे विणेकरी दुखणं सांगत नाहीत, कारण त्यांना वीणा जाण्याची भीती असते. त्यांना पाऊण तासाचा पहारा द्या, शेजारी खुर्ची ठेवा, पण फळ्यावरचं त्यांचं नाव पुसू नका. नाव राहणार याची खात्री असली की माणूस दुखतंय हे मोकळेपणाने सांगतो. आणि वेळेवर सांगितलेलं दुखणं बहुतेक वेळा साध्या उपायांनी आटोक्यात येतं.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. उपचार आपल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घेऊनच ठरवावेत.)